वजा तुळशीदास

नंदाखालच्या वाचनालयात संगणक आला, तेव्हा त्याला पहिला हार तुळशीदास राऊतांनीच घातला होता. त्यामुळे त्यांचं आणि संगणकाचं आधीपासून काही वाकडं होतं असं कुणी म्हणू नये. वाकडं झालं ते नंतर, आणि तेही केळ्यांच्या लोंगरावरून, म्हणजे घडावरून.

तुळशीदास म्हणजे गावाचे तुळशीभाऊ. वय सत्तर, वाडीत केळी, पानवेल आणि थोडा सोनचाफा, आणि तोंडात एक गोष्ट. ती गोष्ट ज्याने ऐकली नाही तो एक तर गावात कालपरवा राहायला आलेला किंवा कानाने अधू. एकोणऐंशी साली बागायतदार संघाने पहिलं केळी प्रदर्शन भरवलं, तुळशीभाऊंनी बसराई केळीचा अख्खा लोंगर सायकलच्या कॅरियरवर बांधून मांडवात नेला, पाहुण्यांनी पाठीवर हात ठेवला आणि पहिलं बक्षीस दिलं. एवढीच गोष्ट. पण बारशाला, बाराव्याला, चर्चच्या सणाच्या जेवणाला आणि बँकेच्या रांगेत ती सांगून झाली होती. ती सांगताना भाऊंचा चेहरा असा काही खुलायचा की दहाव्यांदा ऐकणाराही मध्येच उठून जात नसे.

मध्ये काही वर्षं खंड पडत पडत यंदा संघाचं पंचविसावं प्रदर्शन आलं. फीत कापायला पुढारी बोलवायचा नाही, पहिल्या प्रदर्शनात ज्याने पहिलं बक्षीस मिळवलं त्याच्याच हातून कापायची, असं संघाने एकमताने ठरवलं. भाऊंनी त्याच दिवशी पांढरा लेंगा-झब्बा धुवायला टाकला. आणि मग संघाचे चिटणीस फर्डिनंड आडवे आले.

"कागद दाखव," फर्डिनंड म्हणाले. "पत्रिका गुरुवारी छापायला जाते. संघाचं जुनं दफ्तर वाळवीने खाल्लं. तुझ्या तोंडाशिवाय पुरावा काय?"

"तू होतास ना गावात?"

"मी तेव्हा बहरीनला. असतो तर पहिलं बक्षीस माझंच होतं, ते सोड."

दोघे शाळेपासूनचे दोस्त. एक वाडवळी बोली बोले, दुसरा कुपारी, आणि साठ वर्षांत भांडताना कुणाचं काही अडलं नव्हतं. पण या वेळी भाऊंना ते लागलं. रात्री जेवताना ते सुभद्राबाईंना म्हणाले, "माझा शब्द पुरत नाही म्हणतो फर्डी." सुभद्राबाईंनी आमटी वाढली आणि म्हणाल्या, "कशाला त्या फितीच्या मागे लागता? कापू देत कुणालाही." बायकोने बाजू घेतली नाही याचंही भाऊंना थोडं लागलं.

आता खरं सांगायचं तर भाऊ खोटं बोलणारे नव्हते. थाप मारणाऱ्याला आपण थाप मारतोय हे माहीत असतं. भाऊंना त्या दिवसातलं सायकलचं मागचं चाक बसलं होतं ते आठवे, मांडवातला तागाच्या गोणपाटाचा वास आठवे, आणि बाकी सगळं आपणच सांगितलेलं आठवे.

पुरावा असलाच तर तो ‘वाडीवार्ता’त होता. संघाचं हे मासिक पत्रक गेली पन्नास वर्षं निघत होतं. गावातल्या मुलांनी दोन उन्हाळी सुट्ट्या खर्चून त्याचे सगळे अंक संगणकावर चढवले होते आणि वाचनालयात बसून त्यातला कुठलाही शब्द शोधता येई. मंगळवारी सकाळी भाऊ वाचनालयात जाऊन बसले.

ग्रंथपाल पिंकी विरारहून येई. माहेर-सासर दोन्हीकडून शहरातली, राहायला चौथ्या मजल्यावर, केळीचं झाड तिने नोकरी लागल्यावर पहिल्यांदा जवळून पाहिलेलं. पण मुलगी गोड आणि चिकाटीची. तिने पडद्यावरची लांबट चौकट दाखवली आणि म्हणाली, "काका, इथे टाईप करा काय पाहिजे ते. मी जरा पुस्तकं लावते."

भाऊंनी एका बोटाने पाऊण तास टाईप केलं. पिंकी परत आली तेव्हा चौकटीत लिहिलेलं होतं: ‘माननीय महोदय, स.न.वि.वि., मी तुळशीदास जनार्दन राऊत, राहणार नंदाखाल, विनंतीपूर्वक कळवतो की मला १९७९ सालच्या प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले असून त्याची बातमी कृपया दाखवावी ही नम्र विनंती. कळावे, लोभ असावा.’

भाऊंनी एंटर दाबलं. पहिली आली ती पाण्याचा पंप वेळेवर सुरू करण्याबद्दलची विनंती, मग रस्त्यावरचा दिवा लावण्याबद्दलची, मग वाट अडवणाऱ्या बैलाबद्दलची. पन्नास वर्षांत गावाने जेवढे अर्ज केले आणि ‘वाडीवार्ता’ने जेवढे छापले, ते सगळे ओळीने हजर झाले.

"हे काय? मी केळ्याचं विचारलं."

"तुम्ही केळ्याचं कुठे लिहिलंय काका? महोदय लिहिलंय, विनंती लिहिलंय, कळावे लिहिलंय. त्याला मान-बिन काही कळत नाही. जो शब्द द्याल तो शोधतो आणि जिथे जास्त सापडले ते वर आणतो. त्याला वाटलं तुम्हाला अर्जच हवेत."

"म्हणजे नमस्कारसुद्धा घालायचा नाही?"

"नाही घातला तर उलट बरं."

भाऊंना हे पटलं नाही. कुणाच्या दारात जाऊन रामराम न करता थेट ‘द्या’ म्हणायचं, हे काही नंदाखालचं वळण नव्हे. पण गुरुवार जवळ होता. त्यांनी मोठ्या नाराजीने लिहिलं, ‘केळी, बक्षीस’. अकराशे निकाल आले, आणि त्यात वक्तृत्व, रांगोळी, संगीत खुर्ची आणि केळ्याच्या शिकरणाची कृतीही होती. पिंकीने सांगितलं की नुसते शब्द ठेवले की यातला एखादा सापडला तरी हे यंत्र खूश होतं. दोन्ही पाहिजेत असं हवं असेल तर प्रत्येक शब्दाआधी अधिकची खूण घालावी लागते. आणि ‘पहिले बक्षीस’ हे दोन शब्द एकमेकांना चिकटूनच हवे असतील, तर त्यांना दोन्ही बाजूंनी अवतरण चिन्हं द्यायची. नाहीतर ‘पहिले’ सापडतं पहिल्या पावसात आणि ‘बक्षीस’ सापडतं खोखोच्या सामन्यात.

भाऊ म्हणाले, "म्हणजे सुटी केळी नकोत, फणी पाहिजे."

पिंकीला फणी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. एका देठावर जुळून आलेली केळ्यांची ओळ म्हणजे फणी, आणि अशा फण्यांचा मिळून लोंगर. तिला ते इतकं आवडलं की तिने वहीत लिहून घेतलं. वाचनालयात येणाऱ्या शाळेच्या मुलांना ती पुढे असंच शिकवणार होती.

मग भाऊंनी स्वतःच रचलं. अधिक केळी, अधिक प्रदर्शन, अवतरणात पहिले बक्षीस, आणि सगळ्यांच्या आधी, अर्थातच, अधिक तुळशीदास.

"नाव कशाला काका?"

"बक्षीस माझं आणि नाव नको?"

सतरा निकाल आले. भाऊंनी खुर्ची पुढे ओढली. पिंकीने तारखेप्रमाणे जुनं आधी असं लावून दिलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सगळीच्या सगळी भाऊंनी वेळोवेळी ‘वाडीवार्ता’ला लिहिलेली पत्रं होती.

शहाऐंशी सालच्या पत्रात लिहिलं होतं, "पहिले बक्षीस जरी हुकले तरी माझ्या सत्तावीस किलोच्या लोंगराचे प्रदर्शनात कौतुक झाले." ब्याण्णव साली लोंगर अठ्ठावीस किलोंचा झाला होता आणि पहिले बक्षीस ‘थोडक्यात’ हुकलं होतं. नव्याण्णव साली ते ‘जवळजवळ मिळाल्यातच जमा’ होतं. दोन हजार सहा साली मिळालं. बारा साली लोंगर सदतीस किलो, आणि एकोणीस सालच्या पत्रात एक्केचाळीस, शिवाय पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी. कापलेला लोंगर तेहतीस वर्षं वाढत राहिला, असं वसईच्या पट्ट्यात पूर्वी कधी झालं नसेल.

पिंकी वाचता वाचता हळू झाली. भाऊंचे कान लाल झाले होते. ‘जरी हुकले तरी’ हे त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं. अक्षरशः त्यांचीच भाषा, खाली त्यांचंच नाव. कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी ऐकलं की काय म्हणून त्यांनी मान वळवून पाहिलं. त्यातल्या एकाला झोप लागली होती, दुसरा शब्दकोडं सोडवत होता.

"काका, ही तुमची पत्रं झाली," पिंकी सांभाळून म्हणाली. "एकोणऐंशीच्या अंकातली बातमी यात नाहीच."

"कशी असेल? नाही मिळालं तर बातमी कुठून?"

"तसं नाही. तुम्ही प्रत्येक वेळी स्वतःचं नाव घालताय. मग ज्या पानावर तुमचं नाव नाही ते पान तो दाखवणारच नाही, त्यात काही का असेना."

"मग नाव काढ."

तिने काढलं. तारखेचा क्रमही गेला आणि वर पानभर त्यांचीच पत्रं आली, कारण केळी, प्रदर्शन आणि पहिलं बक्षीस हे शब्द ‘वाडीवार्ता’त भाऊंइतक्या वेळा कुणी लिहिलेच नव्हते.

"काढून भागणार नाही," पिंकी म्हणाली. "वजा करावं लागेल. नावाच्या आधी ही आडवी रेघ, मध्ये जागा सोडायची नाही. म्हणजे तो तुमचं नाव असलेलं प्रत्येक पान बाजूला ठेवेल आणि उरलेलं दाखवेल."

भाऊंचं बोट त्या खुणेवर जाऊन थांबलं. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं त्यांनी आयुष्यभर कोयत्याने काढली होती, नाहीतर मूळ झाडाला पोसायला काही उरत नाही. पण ती पिलं होती. हे आपलं स्वतःचं नाव. उठावं, घरी जावं आणि फर्डीला सांगावं की संगणक बंद आहे, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण एकोणऐंशी सालच्या त्या मांडवात खरोखर काय झालं होतं हे त्यांना आता फर्डीपेक्षाही जास्त जाणून घ्यायचं होतं. त्यांनी आडवी रेघ दाबली आणि तिला खेटून आपलं नाव लिहिलं.

दोनच निकाल आले. एक खताची जाहिरात. दुसरी बातमी, मार्च एकोणीसशे एकोणऐंशी.

‘संघाच्या पहिल्या केळी प्रदर्शनात बसराई गटात पहिले बक्षीस कु. यमुना गोविंद चौधरी, भुईगाव, यांच्या चौतीस किलो वजनाच्या लोंगरास मिळाले. लोंगर वडिलांच्या नावे न नोंदता कन्येच्या नावे का, असे परीक्षकांनी विचारता गोविंदरावांनी, पाणी तिने घातले, असे उत्तर दिले व मांडवात हशा पिकला. उत्तेजनार्थ: श्री. जनार्दन राऊत, नंदाखाल, बावीस किलो.’

जनार्दन म्हणजे भाऊंचे वडील. त्या काळी ज्याच्या नावावर जमीन त्याच्याच नावावर लोंगर, म्हणून तर भाऊंचं नाव त्या पानावर नव्हतं. पण भाऊ ते वाचतच नव्हते. ते वरच्या ओळीवर अडकले होते.

"ओळखता का काका या बाईंना?" पिंकीने विचारलं. "शोधायला पाहिजे, आहेत की नाहीत काय माहीत."

"आहेत," भाऊ म्हणाले. "सकाळी चहा दिला मला."

एक्याऐंशी साली लग्नात भाऊंनीच ताटातल्या तांदळात अंगठीने ‘सुभद्रा’ असं नाव काढलं होतं. आईचं नाव यमुना, आणि एका घरात दोन यमुना कशा चालणार, म्हणून. तेव्हापासून ते जुनं नाव कुणी घेतलं नव्हतं, भाऊंनी तर नाहीच नाही.

पिंकीने बातमी छापून दिली. भाऊ वाचनालयातून निघाले ते वाटेत कुणालाही न थांबवता घरी आले, आणि असं घडल्याचं गावात कुणाला आठवत नाही. सुभद्राबाई पडवीत केळीची पानं पुसून गठ्ठे बांधत होत्या. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला, वाचला आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्यांना हसू आवरेना. भाऊ समोर उभे राहिले.

"तुला माहीत होतं."

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"मी तुला बघायला आलो, तेव्हा तुझ्या वडिलांसमोर बसून..."

"तेव्हा तुम्ही सव्वीस किलो सांगितलं होतंत," सुभद्राबाई म्हणाल्या. "बाबांनी मला कोपराने ढोसलं, हसू नको म्हणून. तुम्ही गेल्यावर म्हणाले, पोरगा चार किलो वाढवून सांगतो, पण केळीबद्दल बोलताना डोळे बघ त्याचे. वाडी नीट करील."

"आणि तू एवढी वर्षं गप्प?"

"पहिल्या वर्षी सांगणार होते. तेवढ्यात सासूबाई शेजारणीला मोठ्या अभिमानाने सांगत होत्या, राहिलं. मग मुलं शाळेत सांगायला लागली. आणि तुम्ही इतके खुशीत असायचात सांगताना. मला ऐकायला आवडायचं हो. या खेपेला किती किलो होतो ते बघायचे मी."

भाऊ पायरीवर बसले. स्वतःची लाज, बायकोचं कौतुक आणि थोडा राग, या तिन्हींनी एकदम गर्दी केली, आणि शेवटी त्यांनाही हसूच आलं. बराच वेळ दोघे हसत राहिले. मग भाऊंनी विचारलं, "कधीच वाईट वाटलं नाही?"

सुभद्राबाईंनी एक पान नीट पुसून गठ्ठ्यावर ठेवलं. "बक्षिसाचं नाही," त्या म्हणाल्या. "नावाचं वाटलं. त्या दिवशी मांडवात एवढ्या माणसांत मोठ्याने पुकारलं होतं माझं नाव. मला वाटलं होतं, आता हे नाव लोकांच्या ध्यानात राहील. मग दोन वर्षांत ते गेलंच."

जेवणही न करता भाऊ फर्डिनंडकडे गेले, कागद त्यांच्या हातात ठेवला आणि ही यमुना कोण ते सांगितलं. फर्डिनंडनी तो दोनदा वाचला. इतकी वर्षं ज्या घडीची वाट पाहिली ती समोर आल्यावर त्यांच्याने चिडवणं काही झालं नाही.

"तू हा फाडून टाकू शकला असतास," ते म्हणाले.

"पत्रिकेत तिचं नाव घाल."

"घालतो. पण वहिनी येतील फीत कापायला?"

"ते मला माहीत नाही."

नाहीच येणार, असं सुभद्राबाई तीन दिवस म्हणत होत्या. लोकांत कात्री घेऊन उभं राहणं आपल्याच्याने व्हायचं नाही, तुमचा झब्बा धुवून ठेवलाय, तुम्हीच कापा. रविवारी त्या आल्या, पण बायकांच्या चौथ्या ओळीत भिंतीकडेची खुर्ची धरून बसल्या. मांडवात राजेळी, वेलची, बसराईचे लोंगर ओळीने टांगले होते. पिंकी विरारहून नवऱ्याला घेऊन आली होती आणि त्याला फणी म्हणजे काय ते समजावून सांगत होती.

फर्डिनंडनी माईकवरून पुकारलं, "सौभाग्यवती सुभद्रा तुळशीदास राऊत यांनी पुढे यावं." सुभद्राबाईंनी बसल्या जागेवरून भाऊंकडे बोट केलं, ते कापतील म्हणून. फर्डिनंडनी पुन्हा पुकारलं. त्यांनी पुन्हा बोट केलं. लोक हसू लागले.

भाऊ उठले आणि माईक हातात घेतला. मांडवातल्या निम्म्या लोकांनी खुर्चीत पाठ टेकली. आता अर्धा तास गेला हे सगळ्यांना माहीत होतं.

"लोंगराची गोष्ट मी तुम्हाला पुष्कळदा सांगितली," भाऊ म्हणाले. "ती चुकीची होती. माझा लोंगर बावीस किलोंचा, उत्तेजनार्थ. खरी गोष्ट एवढीच आहे." त्यांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला, आणि परीक्षकांनी पहिल्या प्रदर्शनात पुकारलं असेल तसं खणखणीत आवाजात पुकारलं, "बसराई गट, पहिलं बक्षीस, चौतीस किलो. कुमारी यमुना गोविंद चौधरी, भुईगाव."

भुईगाव हा शब्द पुरा व्हायच्या आत ती उठून उभी राहिली होती.